उसनं नाव

पडद्यावर नावं आली आणि गेली. शुक-यिन वाट बघत राहिली. नवऱ्याचं नाव आलंच नाही. मग कार्टूनपटातलं कोल्ह्याचं अनाथ पिल्लू धुक्यातून चालत आलं आणि लॉस एंजेलिसचं ते खच्चून भरलेलं थिएटर चिडीचूप झालं. ते धुकं तिच्या नवऱ्याने, फॉन्गने रंगवलेलं होतं. स्टुडिओतले बाकीचे चित्रकार झाडांचं पान न् पान रंगवायचे, आणि पिल्लू त्यात हरवून जायचं. फॉन्गने चार फटकाऱ्यांत झाडं उभी केली, उरलेला कागद मोकळा ठेवला, तेव्हा कुठे स्टुडिओच्या साहेबांना हवं तसं जंगल सापडलं.

"दारवानाचंसुद्धा नाव घातलं असेल त्यांनी," बाहेर आल्यावर ती फणफणली. "आणि तुम्ही मुखदुर्बळ!"

"नाही आलं तेच बरं."

"बरं काय त्यात?"

"ते नाव माझं आहे का?" तो हळूच म्हणाला.

तिने आधी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. चिनी माणसाला या देशात यायची बंदी होती, तेव्हा बापाने दुसऱ्याच कुणाच्या मुलाचे कागद विकत घेऊन त्याला बोटीत बसवलं होतं. मोय कुन-हान बोटीत चढला आणि फॉन्ग वाय-लुन उतरला. तेव्हापासून पोलिसाची टोपी दिसली, की तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

पुढे स्टुडिओ सुटला. चायनाटाउनमधल्या खाणावळींच्या पाट्या रंगवण्यात उमर सरली. शुक-यिन गेली. आणि मग एका संग्रहालयाला त्या जंगलाची मूळ चित्रं सापडली. खाली नाव कुठलं घालायचं, असं विचारायला फोन आला, तेव्हा म्हाताऱ्याने ब्रश घेतला आणि लेकीसमोर तीन चिनी अक्षरं काढली.

लोरेटाने ती पुन्हा पुन्हा वाचली. "बाबा, हा मोय कोण?"

त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे मीसुद्धा फॉन्ग नाही?" तिचा आवाज चिरकला. "आईला माहीत होतं?"

"होतं. तुला सांगायची भीती वाटायची. शाळेत बोलून गेली असतीस तर?"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र ती अक्षरं तिनेच संग्रहालयात नेऊन दिली.

प्रदर्शनाला स्टुडिओतला जुना सोबती व्हर्नन आला, काठी टेकत. भिंतीवर इंग्रजीत लिहिलेलं नाव वाचून तो लालबुंद झाला.

"फॉन्ग! अरे, कुठल्या गाढवाने तुझी चित्रं दुसऱ्याच्या नावावर खपवली? हा मोय कोण उपटसुंभ? आत्ता जाऊन भांडतो!"

"भांडू नकोस. तो मीच."

व्हर्ननला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने काठी जमिनीवर आपटली. "शेजारी बसून डबे खाल्ले रे आपण. मला नाही सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"मग आता तुला हाक काय मारू?"

म्हाताऱ्याने भिंतीवरच्या नावाकडे बघितलं. बोटीतून उतरल्यापासून प्रथमच ते नाव चारचौघांसमोर होतं, आणि त्याला त्या नावाने ओळखणारं कुणीही उरलं नव्हतं.

"कुन-हान म्हण," तो म्हणाला.

व्हर्ननने म्हणून बघितलं. उच्चार साफ चुकला. लोरेटाने तो हलकेच सुधारला, आणि तिचाही थोडा चुकलाच.