टोपलीतल्या सोजरबाई

अज्ञानावर रागवायचे नाही, त्याचे टिपण काढायचे, हा डॉ. पद्मजांचा जन्माचा शिरस्ता. त्या दुपारी मात्र सोलापुरातल्या भाषा मंडळाच्या कचेरीत त्यांचे टिपणही थिजले.

टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यातल्या सोजरबाईंच्या कहाण्या त्यांनी तरुणपणी ध्वनिमुद्रित केल्या होत्या. सोजरबाई गेल्या, फितींना बुरशी लागली. उरल्या त्या मंडळाच्या सर्व्हरवर चढवलेल्या प्रती. संध्याकाळी त्या मंडळाच्या नव्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या व्हायच्या होत्या. पण संकेतस्थळाची प्रणाली बसवताना दर वेळी तीच ओळ उमटे: मेमरीची मर्यादा संपली.

"मेमरी भरली होती, पद्मजाताई," कार्यवाह वेणीमाधवराव प्रसन्नपणे म्हणाले. "जुनं सगळं काढून टाकलं. आता बसेल बघा."

"जुनं म्हणजे?"

"तेच हो, तुमच्या खेड्यातल्या बाईचं बोलणं. फार जागा खात होतं."

संस्कृतीचे रक्षण करणाऱ्यांपासून तिचे रक्षण कोणी करावे, हा प्रश्न पद्मजांनी गिळला. प्रणाली तरीही बसली नाहीच. त्यांनी सोमेशला फोन लावला. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता महाविद्यालयात संगणक शिकवणारा. तास संपताच तो स्कूटरवर हजर झाला आणि सगळा प्रकार ऐकून वेणीमाधवरावांकडे वळला.

"काका, पीठ मळताना परात लहान पडली, तर ज्वारीची कोठी रिकामी करता का हो?"

"म्हणजे?"

"फायलींची जागा ही कोठी. ही चूक परातीची आहे. काम चालू असताना प्रणालीला वापरायला जेवढी मेमरी मिळते, ती कमी पडतीय."

"ती मी वाढवली होती," पद्मजा म्हणाल्या.

"प्रणालीच्या फायलीत वाढवलीत, बाई. पण घरमालक सर्व्हर. संकेतस्थळ ज्या पीएचपी भाषेवर चालतं, तिला त्याने घातलेली मर्यादा खालीच राहिली, मग तुमचं कोण ऐकतंय?" त्याने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये आकडा वाढवला. प्रणाली निमूट बसली.

"आणि सोजरबाई?" पद्मजांनी विचारले.

सोमेशने सर्व्हरची कचराटोपली उघडली आणि हसला. "सगळ्या आहेत की! काकांनी टोपलीत टाकल्या. ती रिकामी करायची असते, हे त्यांना ठाऊकच नाही."

पद्मजांनी आयुष्यभर अर्धवट ज्ञानाचा धिक्कार केला होता. आज त्याच अर्धवट ज्ञानापुढे त्या मनोमन हात जोडून होत्या. संकेतस्थळाच्या ऋणनिर्देशाच्या पानावर त्यांनी आधी सोमेशचे नाव लिहिले. मग, 'हाती घेतलेले काम पुरते न केल्याबद्दल श्री. वेणीमाधवराव यांचे अंतःकरणपूर्वक आभार.'

"माझं नाव दुसरं का?" वेणीमाधवरावांनी विचारले.

एव्हाना सोमेशने पहिली कहाणी लावली होती. खाकरण्याचा आवाज आला, मग तो ओळखीचा दरडावणीचा सूर: "आलीस व्हय गं? उबी का? बस की हितं."

पद्मजा मुकाट्याने बसल्या.