आडव्या-उभ्यांचं संयुक्त केंद्र

मतमोजणी संपली, बाटली आडवी झाली, आणि त्याच क्षणी हिवरडोहातली पिणारी माणसं होती तिथं आडवी झाली. कुणी पानटपरीसमोर, कुणी देवळाच्या ओट्यावर, एक जण तर लेकीच्या साखरपुड्यात, पंगतीच्या मधोमध. पडली नाहीत हो, अलगद आडवी झाली, आणि मग काही केल्या उठेनात. लीलावतीचा नवरा भागवत गवंडी तेव्हा परांचीवर होता. त्याला फळीसकट खाली उतरवला आणि तसाच घरी आणला.

गावाला यात फारसं नवल वाटलं नाही. दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यासाठी बायकांनी मतं दिली होती. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती, एक उभी बाटली आणि एक आडवी. बायकांनी आडवी निवडली. मग ज्यांच्या अंगात बाटली मुरली होती ते तिच्याबरोबर गेले, दुसरं काय होणार? नाल्यापलीकडच्या कातळनेरात त्याच दिवशी तेच मतदान झालं, पण तिथं बायका कमी पडल्या आणि बाटली उभी राहिली. तिथले पिणारे उभेच राहिले. त्यांना बसता येईना, निजता येईना. पाय सुजून भोपळे झाले, पण गडी उभेच.

हिवरडोहात घरोघर फिरून, हातापाया पडून मतं गोळा केली होती ती लीलावतीनंच. दुकान बंद झालं की नवरा हाती लागेल, एवढीच तिची आशा. लागला खरा हाती, पण खाटेवर. पलीकडून चोरून येणारी दारू तो सलाइनच्या नळीनं ओढायचा आणि छताकडं बघत म्हणायचा, "लीले, अजून एक घोट."

सासू ठकूबाई उंबऱ्यात बसून तोंडाचा पट्टा चालवायची. "घाल, अजून मतं घाल! निघाली होती बाटली आडवी करायला, आणि माझं पोर आडवं करून ठेवलंस."

"आत्याबाई, ह्यांना मी उठवीन," लीलावती म्हणायची. "न पिता, ह्यांच्या पायांवर चालवत ह्या घरात आणीन."

"बघू की," म्हातारी म्हणायची, आणि पदरानं डोळे पुसायची.

व्यसनमुक्ती केंद्र काढायचं तर एकट्या नगरपंचायतीचं कंबरडं मोडलं असतं. म्हणून दोन्ही गावांनी मिळून ठराव केला. हद्दीवरच्या जुन्या जकात नाक्याच्या शेडमध्ये संयुक्त केंद्र उभं राहिलं, टेंडर निघालं, बाहेरची एक संस्था आली. शेडच्या मधोमध फक्कीनं पांढरी रेष मारली, इकडे हिवरडोह, तिकडे कातळनेर. खाटा रेषेवर आडव्या टाकल्या. संस्थेचे ओगले सर मवाळ माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी लीलावतीला समजावलं.

"कमरेपासून वर कातळनेरात, कमरेपासून खाली हिवरडोहात. वरचं उभं राहील, खालचं आडवं राहील."

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस बसेल."

आणि खरंच, भागवत बसला! पाय लांब सोडून, पाठ ताठ करून बसला आणि चहा मागितला. चहा! लीलावतीला हुंदका आवरेना. नवऱ्याच्या तोंडून चहा हा शब्द तिनं किती वर्षांनी ऐकला होता. शेजारच्या खाटेवर कातळनेरचा एक शिक्षक बसल्या-बसल्या घोरत होता आणि त्याची बायको त्याला वारा घालत लहान पोरीसारखी हसत होती.

"आता चालतील कधी?" लीलावतीनं विचारलं.

"आधी पोटाचं औषध सुरू करू. लिव्हर फार खराब आहे."

इथंच सगळं फिसकटलं. लिव्हर कुणाच्या हद्दीत? हिवरडोहचे मुख्याधिकारी म्हणाले, कमरेच्या वर आहे, कातळनेरनं बघावं. कातळनेरचे म्हणाले, पिणारा माणूस तुमचा, त्याचं लिव्हरही तुमचंच. संयुक्त बैठक झाली, चहा-बिस्किटं झाली. सकाळी कातळनेरचा माणूस फक्कीची पिशवी घेऊन आला आणि त्यानं आपली रेष वीतभर मागं मारली. ते पाहून हिवरडोहनंही आपली रेष वीतभर मागं नेली. आता शेडमध्ये दोन रेषा झाल्या. मधल्या पट्ट्यात सगळ्यांची पोटं राहिली, आणि तो पट्टा कुणाचाच नव्हता.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," ठकूबाई म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

बैठका होतच राहिल्या, आणि दर बैठकीनंतर रेषा मागं सरकत गेल्या. छाती पट्ट्यात आली, मांड्या आल्या, शेवटी अख्खा माणूस आला. पट्ट्यात ना आडवं होता येई ना उभं. तिथं फक्त बसता येई. शेडही पट्ट्याबरोबर रुंदावत चालली होती, आणि भागवतची खाट दारापासून रोज थोडी लांब दिसायची. ओगले सर रुग्णांची समजूत काढायला पट्ट्यात गेले ते मांडी घालून बसले. अजून तिथंच आहेत, अजून समजूत काढताहेत.

लीलावती रोज रेषेशी उभी राहून हात लांब करून नवऱ्याला चहाचा पेला द्यायची. एक दिवस हात पुरेना. तिनं एक पाऊल आत टाकलं आणि बसली. आयुष्यात थेंबाला न शिवलेली बाई, पण पट्ट्याला त्याचं काय! उठायला गेली तर गुडघे तिचे नव्हतेच जणू.

"बरं झालं आलीस," भागवत म्हणाला. त्याचा चेहरा स्वच्छ होता, लग्नात होता तसा. "मला बरं वाटतंय गं. प्यावंसं वाटत नाही."

"भूक लागली का?"

"ती पण नाही."

"मग घरी चला की."

तो विचारात पडला. "कुणाच्या?" त्यानं विचारलं.

प्यायलेला असला तरी या माणसाला घर आठवायचं. शिव्या देत, भिंतींना धरत का होईना, तो आपल्याच दारात येऊन पडायचा. तिनं त्याचं मनगट घट्ट पकडलं, त्याला खाटेवरून खाली उतरवला आणि बसल्या-बसल्याच त्याला ओढत ती रेषेकडं सरकू लागली. हात टेकायचा, सरकायचं, त्याला ओढायचं. भागवत अडवत नव्हता आणि मदतही करत नव्हता. तळहात सोलून निघाले. ती हिवरडोहच्या रेषेजवळ पोचत आली की तिकडे कुठं तरी एक बैठक संपायची, हिवरडोहचा पिशवीवाला यायचा आणि उलट्या पावलांनी रेष मागं न्यायचा.

"अहो भाऊ, थांबा जरा! हात पुरतोय आमचा!" ती ओरडली.

"ठराव झालाय ताई," तो मान वर न करता म्हणाला.

शेडच्या भिंती मागं राहिल्या. पट्टा रस्त्यावर आला तशी एसटी रस्त्यात बसली, आतली माणसं उतरून तिच्या सावलीत बसली. बाजारपेठ बसली. कुणी रडत नव्हतं. सगळे एकमेकांना सरकून जागा देत होते आणि फार बरं वाटतंय म्हणत होते. फक्त लीलावती ओढत राहिली, कारण घराची गल्ली आता दिसत होती.

गल्लीच्या तोंडाशी ठकूबाई उभी होती. उन्हात, काठी टेकून, रेषेच्या पलीकडं.

"लीले!" ती ओरडली. "आणलंस का गं माझं पोर?"

"आत्याबाई, मागं फिरा! घरात जा, इकडं येऊ नका! माणसं घेऊन या, दोर आणा, आम्हाला तिकडून ओढा!"

त्याच वेळी भागवतनं आईला पाहिलं आणि तो हसला, तोंड भरून हसला. "आई! ये की. बस इथं, किती दमलीस."

म्हातारीनं सुनेकडं पाहिलं, मग लेकाकडं पाहिलं. असं हसून त्यानं तिला केव्हा बोलावलं होतं, तिला आठवेना. तिनं रेषेच्या पलीकडंच चपला काढल्या, देवळाबाहेर ठेवतात तशा जोडीनं ठेवल्या, आणि एक पाय उचलला. तो उचलताना ती थांबली. काय मनात आलं कुणास ठाऊक, ती लीलावतीचे सोललेले तळहात बघत राहिली.

तिच्या पाठीमागं पिशवीवाला उलट्या पावलांनी आला आणि चपलांच्या मागून रेष मारत पुढं गेला. म्हातारीचा पाय अजून वरच होता.