तात्याबा, व्हर्जन एक

मल्हारच्या खिशात राजीनामा होता आणि समोर व्हाइटबोर्ड. बोर्डावर सतरा नावं लिहून झाली होती आणि विश्वजीतला त्यातलं एकही पसंत नव्हतं.

साल दोन हजार आठ. शिरूरमध्ये एका पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर विश्वजीतची सॉफ्टवेअर कंपनी होती. नऊ माणसं, चौदा कॉम्प्युटर आणि पाचवीला पुजलेलं लोडशेडिंग. तिथं बसून मल्हारनं दोन वर्षं डोकं लढवून एक गोष्ट उभी केली होती. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवायचा, ही विद्या जगात जुनीच. व्हर्च्युअलायझेशन म्हणतात तिला. मल्हारचं फीचर असं, की तो पोटातला कॉम्प्युटर चालू कामानिशी उचलून दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवायचा आणि काम करणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. परदेशातही असं करत होते, पण मल्हारचं शिरूरच्या विजेतही टिकायचं. शुक्रवारी ते पुण्याच्या गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं आणि त्याआधी त्याला नाव हवं होतं.

मल्हारला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला बंगलोरच्या कंपनीनं बोलावलं होतं. तिथं हेच काम, पण ज्यांना ते कळतं अशा माणसांत. शिरूरला तो काय करतो हे समजणारं मशीनशिवाय कुणी नव्हतं. तीस तारखेचं दौंडहून रिझर्व्हेशनही झालं होतं. राहिला होता फक्त राजीनामा, आणि तो आठ दिवस खिशातच फिरत होता. कंपनी विश्वजीतची असली तरी नोकरी दिली होती विश्वजीतच्या वडलांनी, बापूसाहेबांनी. आणि मल्हारच्या गावात, निमोण्यात, बापूसाहेबांना नाही म्हणायची रीत नव्हती.

"पुष्पक ठेवू या," टेस्टिंग बघणारी हर्षदा म्हणाली.

"ट्रॅव्हल्सची गाडी वाटते," विश्वजीत म्हणाला.

तेवढ्यात स्वतः बापूसाहेबच जिना चढून आले. कडक इस्त्रीचे कपडे, मागे दोन माणसं. त्यांनी मल्हारला फीचर समजावून सांगायला लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "तुजा बाप मेंढरं घिऊन कोकणात जायचा न्हवं?"

"व्हय."

"तळ हलायचा, पर संसार चालूच. वाटंत कोकरू जन्मायचं, भाकरी व्हायच्या. मग हे मशीन येगळं काय करतंय? बापाचंच नाव ठिवा, तात्याबा."

विश्वजीतनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "तात्याबा. जपानी वाटतं. चालेल!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिशाकडे गेलेला मल्हारचा हात तिथंच राहिला.

माणसाला बांधायला दोर लागतो असं ज्याला वाटतं, त्यानं गावचं राजकारण पाहिलेलं नाही. हार पुरतो. निमोण्यात शाळेला बापूसाहेबांच्या आईचं नाव, एसटीच्या शेडला वडलांचं, पाण्याच्या टाकीला आजोबांचं. त्या घराण्यात नावाविना राहिलेला माणूस शोधायचा तर पाळण्यात बघावं लागे. धनगराचं नाव मात्र आजवर कुठल्याच पाटीवर चढलं नव्हतं. ते चढतंय, आणि नेमका त्याच आठवड्यात धनगराचा पोरगा नोकरी सोडून निघाला, तर लोक काय म्हणतील? बापाचं नाव दिलं आन् पोरगं उलटलं. मल्हारला हे शब्द बोलणाऱ्यांच्या आवाजासकट ऐकू येत होते. 

गुरुवारी दुपारी बारसं झालं. तात्याबांना आणि मल्हारच्या आईला, कुशाबाईला, जीपमधून आणलं. बाहेर तात्याबांच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता आणि फोटोतले तात्याबा मतदान ओळखपत्रातल्यासारखेच दचकलेले होते. बापूसाहेबांनी त्यांना स्वतः फेटा बांधला आणि शेजारच्या खुर्चीवर बसवलं. चाळीस वर्षं बापूसाहेबांच्या पडवीत जमिनीवर बसलेला माणूस खुर्चीच्या कडेवर टेकला. मल्हारनं स्क्रीन सुरू केली.

"ह्यात मी कुठं हाय?" तात्याबांनी हळूच विचारलं.

मल्हारनं अक्षरांवर बोट ठेवलं. तात्याबांनी काचेला हात लावला आणि लगेच मागं घेतला. कुशाबाई पदरानं डोळे पुसत होती.

बापूसाहेब बोलायला उठले. शेवटी मल्हारकडे बघून हसले. "आता हा कुठं जात न्हाई. बापाला सोडून कोन जातंय, सांगा!"

लोक हसले. मल्हार मात्र बापूसाहेबांकडे बघत राहिला. त्यानं बंगलोरचं कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी यांना ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर कुशाबाई बायकांबरोबर जीपनं पुढे गेली. बाप-लेक एसटी स्टँडच्या टपरीवर चहाला थांबले. तात्याबा फेट्यासकट बाकावर बसले होते आणि येणारे-जाणारे त्यांना रामराम घालत होते.

"तू कवा सांगनार व्हतास?" तात्याबांनी विचारलं.

"काय?"

"बंगलोरचं."

मल्हारनं कप खाली ठेवला.

"कुरिअरवाला कागद देऊन गेल्ता. तू घरी न्हवतास. इंग्रजी व्हता, म्हनून बापूसाहेबांकडं नेला वाचायला. तुला दिला तवा पाकीट फोडलेलं व्हतं, ध्यानात न्हाई आलं?"

आलं होतं. वाटेत फाटलं असेल, असं त्याला वाटलं होतं. जमिनीचा उतारा असो, दवाखान्याचा रिपोर्ट असो, घरात आलेला प्रत्येक कागद चाळीस वर्षं बापूसाहेबांच्या पडवीतच वाचला गेला होता. घरात इंजिनियर झाला म्हणून पायांची सवय थोडीच सुटते!

"मग?"

"त्येंनी वाचला. म्हनले, पोरगं लांब निगालंय. ठिवून घेऊ का? मी व्हय म्हनलो." तात्याबांनी फेट्याला हात लावला. "आसं नाव ठिवत्याल हे ठावं न्हवतं रं. तुज्या आयची आन."

नाव ठरल्यापासून मल्हारनं बापूसाहेबांसाठी राग साठवून ठेवला होता. आता तो नेऊन ठेवायचा कुठं? समोर तर त्याचे आबाच बसले होते.

"चुकलं माजं," तात्याबा उठले. "तू नुसतं व्हय म्हन. आत्ता जातो आन् सांगतो, माजं नाव काढा, पोराला जाऊ द्या." आणि त्यांनी खरोखरच फेटा सोडायला घेतला.

ते गेले असते. मल्हारला याची खात्री होती. बापूसाहेबांपुढं पुन्हा जमिनीवर बसून त्यांनी आपलं नाव स्वतःच्या तोंडानं परत केलं असतं. एक 'व्हय' म्हटलं की तीस तारखेची गाडी मोकळी होती. पण सवय नसलेल्या हातांना फेटा सुटत नव्हता. शेमला बाकावर लोळत होता, आणि मघाशी रामराम घातलेली माणसं वळून वळून बघत होती.

"ऱ्हाऊ द्या, आबा," मल्हार म्हणाला. "बसा. च्या गार व्हतोय."

तात्याबा लगेच बसले. इतक्या चटकन बसले, की मल्हारला कळलं, त्यांना हेच ऐकायचं होतं.