वाटीखालची भाजी

वाशीच्या आमच्या शाळेला तेव्हा धड कुंपणही नव्हतं. साल चौऱ्याऐंशी. खाडीवरून वारा सुटला की सकस आहाराचा तक्ता खिळ्यावरून उडायचा आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटायचं नाही. त्या तक्त्यावर द्राक्षं, अंडी, लोण्याचा गोळा आणि दुधाचा काठोकाठ भरलेला पेला. आठवीतली पोरं ते बघून आवंढा गिळायची आणि मधल्या सुट्टीत रस्त्यावरची बोरं खायची.

एक दिवस मी तो तक्ता गुंडाळून कपाटामागे टाकला आणि साधं विचारलं, काल रात्री तुमच्या घरी कोण काय जेवलं?

पहिल्या बाकावरच्या सुचित्राने हात वर केला. तेरा वर्षांची, बोलायला चुरचुरीत पोर. वडील मधुकरराव तुर्भ्याच्या एका कारखान्यात कारकून, घरी आजी आणि धाकटा भाऊ. बाबांना भाकरी, आजीला मऊ भात, भावाने भाजीतले बटाटे तेवढे वेचून खाल्ले, हे तिने घडाघड सांगितलं. आईपाशी मात्र तिची गाडी अडली.

"आई नंतर जेवते," ती म्हणाली.

मी बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांच्याच आया नंतर जेवत होत्या. काय जेवत होत्या, ते एकालाही सांगता येईना. मला राग यायला फारसं कारण लागत नाही, आणि हे तर मोठंच कारण होतं. मी त्यांना सांगितलं की काय खावं एवढंच शिकून भागत नाही, घरातल्या प्रत्येकाला ते मिळालं का, हेही बघायचं असतं. आज गृहपाठ एकच. रात्री आईचं ताट पहिलं वाढायचं.

दुसऱ्या दिवशी निम्मे जण विसरून आले होते. एकाला आगाऊपणाबद्दल धपाटा मिळाला होता. सुचित्राने ताट वाढलं होतं, पण आईने ते हसत हसत आजीपुढे सरकवलं. सासू आणि नवरा जेवायचे असताना आपण आधी बसायचं, हे त्या बाईच्या कल्पनेतही बसत नव्हतं. आजीने वर ऐकवलं की शाळेत हल्ली भलतंच शिकवतात.

पोरगी हट्टी. तिने दुसरा मार्ग काढला. जेवताना स्वतःच्या ताटातली अर्धी भाजी ती बाजूला काढायची आणि ओट्यावर वाटीखाली झाकून ठेवायची, आईसाठी. सकाळी तीच भाजी तिच्या शाळेच्या डब्यात असायची. मधल्या सुट्टीत ती डबा उघडून मला दाखवायची.

"बाई, परत आली."

वर्ग हसायचा. मीही हसायचे. मायलेकी दोघी एकमेकींना वरचढ, असं मी शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगितलं होतं. पण भाजी रोजच परत यायला लागली, तेव्हा सुचित्राचं हसू गेलं. आई जिना चढताना मध्येच बसते, असं तिने एकदा हळूच सांगितलं, आणि मी त्यांच्या घरी गेले.

सुचित्राच्या आईने, वैजयंतीबाईंनी, दार उघडलं. खालून पाण्याची कळशी आणली होती, धाप लागली होती. ओठ पांढरे, नखंही पांढरी. त्यांनी माझ्यापुढे वर खोबरं-कोथिंबीर पेरलेले पोहे ठेवले आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्या बसेनात, म्हणून मीही बशीला हात लावेना. शेवटी मी जरा चढ्या आवाजातच बोलले, की डॉक्टरांना दाखवा, आणि लेक स्वतःचं काढून ठेवते ते तरी खात जा.

"मला काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या. "तिचं वाढीचं वय आहे, बाई. तिनं नीट खायला पाहिजे. तुम्हीच तर शिकवता ना?"

दिवाळी झाली की डॉक्टरकडे जाते, असं त्यांनी मला दारापर्यंत सोडताना कबूल केलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली, पण सुचित्रा आली नाही. वैजयंतीबाईंना तापाने धरलं होतं. साधाच ताप, पण अंगात झगडायला काही उरलं नव्हतं. बाईंच्या अंगात रक्तच नाही, इतके दिवस करत काय होतात, असं दवाखान्यातले डॉक्टर मधुकररावांवर ओरडले. आठवडा पुरा व्हायच्या आत त्या गेल्या.

तेराव्याला मी गेले. स्वयंपाकाला शेजारच्या वेणूबाई होत्या. गेलेल्या माणसाचं पान आधी वाढतात, त्याच्या आवडीचं सगळं त्यात घालतात. वेणूबाईंनी विचारलं, वैजयंतीला काय आवडायचं?

मधुकररावांनी आपल्या आईकडे पाहिलं. आजी म्हणाली, तिला काहीही चालायचं. मग कुणालाच काही सुचेना. शेवटी मधुकररावांना आवडतो म्हणून शिरा केला, भरली वांगी केली, आणि ते पान फोटोपुढे ठेवलं. वाफ येत होती.

सुचित्रा माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"बाई, आज आईचं पहिलं वाढलं," ती म्हणाली.

माझ्याच्याने तिच्याकडे बघवलं नाही. तेवढ्यात पुरुषांची पंगत बसली आणि आजीने तिच्या हातात भाजीचं पातेलं दिलं. पोर वाकून वाकून वाढत होती. तू जेवलीस का, असं मी विचारलं तर म्हणाली, मी नंतर बसते. वर्गात 'आई नंतर जेवते' म्हणाली होती, अगदी तोच सूर. मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तिला पंगतीच्या टोकाला, भावाशेजारी बसवलं. आजी काहीतरी पुटपुटली. मी ऐकलं नाही. मीच वाढलं, पातेलं घेऊन समोर उभी राहिले.

ती मान खाली घालून जेवली. अर्धं झाल्यावर तिने ताटातली उरलेली भाजी हाताने एका बाजूला गोळा केली, शेजारची रिकामी वाटी उचलली आणि त्यावर पालथी घातली.

मग तिच्या लक्षात आलं. वाटीवरचा हात तिला काढता येईना.