शायलोबेकच्या निरोगी हिरड्या

शायलोबेकचं मत असं की धुरी दिलेलं मांस नासत नाही. घोड्याच्या मांसाबद्दल नारीन गावात कुणीही हे मान्य केलं असतं. तो ते स्वतःच्या हिरड्यांबद्दल म्हणायचा.

बायको, बुरुल्चा, दात घासताना थोडं लाल थुंकायची.

"दिवसाला वीस सिगारेटी ओढतो मी," तो मागून म्हणायचा, "एक थेंब दाखव!"

"तोंड उघडू नका. खिडकी उघडायला लावता."

तो तेमिर-कोमुझ वाजवायचा. हे लोखंडी वाद्य पुढच्या दातांना टेकवून बोटाने छेडतात. वसंतातल्या स्पर्धेत तीन वर्षं तो दुसरा येत होता. यंदा पहिला यायचंच होतं, पण वरचा एक पुढचा दात वाजवताना हलू लागला होता, आणि तोही बेताल.

दातांच्या डॉक्टरीणबाई, आयझिरेक, यांनी दात आणि हिरडीच्या फटीत बारीक सळई घातली. "काका, सात मिलिमीटर आत गेली. तीनच्या वर जायला नको."

"मग रक्त कुठाय?"

"धुरानं रक्तवाहिन्या आवळल्यात. हिरडी वरून फिकट, घट्ट, अगदी सभ्य दिसते. आत हाड झिजतंय. सिगारेट सोडा, साफसफाई करून घ्या."

साफसफाईला तो घाबरला. सिगारेट मात्र सोडली. तिसऱ्या आठवड्यात ब्रश लाल झाला. तो तसाच ब्रश हातात घेऊन दवाखान्यात गेला.

"पोरी, धडधाकट माणसाला आजारी पाडलंस!"

"आजारी तुम्ही होतातच, काका. हिरडी आत्ता कुठं तक्रार करायला लागलीय. साफ करून घ्या, काही महिने कळ काढा."

"स्पर्धा महिन्यावर आलीय. तक्रारखोर हिरडी घेऊन वाजवू?"

दवाखान्याच्या पायरीवरच त्याने सिगारेट पेटवली. स्पर्धेपर्यंत रक्त जवळजवळ थांबलं. त्याने बुरुल्चाला टॉर्च धरून ते बघायला लावलं.

स्पर्धेत त्याने घोडदौडीची धून घेतली. घोडा भरधाव सुटला आणि दात निघाला. तो थांबला नाही. फटीतून फुरफुर येऊ लागली. लोकांना वाटलं, घोडा फुरफुरतोय. टाळ्या पडल्या. नंबर मात्र दुसराच आला. पहिल्या आलेल्याचे सगळे दात जागेवर होते.

घरी येऊन त्याने बायकोसमोर दात गुंडाळलेला रुमाल उलगडला. "बघ, डाग तरी आहे का?"

बुरुल्चाने रुमाल उलटसुलट करून पाहिला.

"कसा असेल? दात गेल्याचं हिरडीला अजून कुणी कळवलेलंच नाही."