मास्तरांचा साखरेचा कोट

मास्तरांनी शिवलेला एक कोट मालकाच्या आधी घरी पोचला होता, असं ते शपथेवर सांगत. त्यावर काकू म्हणत, "आणि मालक अजून वाटेतच असेल." काकू म्हणजे त्यांची बायको, अख्ख्या गल्लीची केकवाली.

शिलाईचं दुकान बंद केल्यापासून मास्तरांना घरात जागाच उरली नव्हती. काकूंच्या कामाच्या खोलीत पाऊल टाकलं की, "बाजूला व्हा, साखर आहे." तिथे भिंतीला खिळा एकच आणि त्यावर काकूंचा एप्रन. मास्तरांची टेप आपली गळ्यातच.

नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काकूंचं उजवं मनगट मुरगळलं, आणि केकवर उभं करायचं नवरानवरीचं साखरेचं जोडपं तर अजून कापायचं होतं.

"अहो, हा फॉन्डंट, साखरेचा गोळा, पातळ लाटा, खाली मक्याचं पीठ भुरभुरा. कटर सरळ दाबायचा, सरळ उचलायचा. डोकं चालवायचं नाही."

"चाळीस वर्षं कापतोय मी."

"कापड. ही साखर आहे."

काकू हात शेकायला गेल्या. मास्तरांनी कोटाच्या आकाराचा कटर दाबला आणि ते थबकले. अगदी रेघेवर कापायचं? कड दुमडायला काहीच नाही? नातजावई काय उघड्या कडेने लग्नाला उभा राहणार? त्यांनी खुणेबाहेर अर्धं बोट सोडून सुरी फिरवली, ओल्या बोटाने कड मागे दुमडून दाबून बसवली. नवरीच्या झग्याला तर दुहेरी दुमड घातली.

काकू परत आल्या. "हा नातजावई आहे की गॅसची टाकी?"

"कड आत घेतलीय. उसवणार नाही."

"साखर उसवत नसते हो." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या नातीच्या केकवर हे ध्यान नको. आणि उद्यापासून तुम्ही या खोलीत येऊच नका."

मास्तरांनी टेप गुंडाळली. काकूंनी डाव्या हाताने नवं जोडपं कापलं, कागदासारखं पातळ. मास्तरांना आपलं टाकवेना. ते त्यांनी डब्यात घातलं आणि लग्नाला निघताना अंगातल्या कोटाखाली लपवलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये दिवे, गर्दी आणि उकाडा. फोटोवाला कॅमेरा लावतोय तोच काकूंची साखरेची नवरी कमरेत वाकली, जणू कानातलं पडलंय. नवराही शोधायला वाकला. बघता बघता दोघं केकवर पालथे.

काकूंनी मान न वळवता हात पुढे केला. "कोटाखालचा डबा द्या."

"तुला माहीत होतं?"

"सकाळपासून एका अंगाने चालताय. द्या आता."

दुमडलेल्या कडांचं जोडपं ताठ उभं राहिलं. केक कापताना टेबल हललं, छताचे दिवे हलले, पण तो कोट हलला नाही. मुंग्या आल्या त्यासुद्धा सलाम ठोकून परत गेल्या म्हणतात. नात हसून म्हणाली, "आजोबा, हा हुबेहूब यांच्यासारखा दिसतो." खरा नवराही चांगला गोलमटोल होता, त्याने लाजून पोट आत घेतलं.

दोन दिवसांनी मास्तर कामाच्या खोलीच्या दारात घुटमळले. आत एप्रनशेजारी दुसरा खिळा होता. डाव्या हाताने ठोकलेला, चांगलाच तिरका.

"बघत काय राहिलात? टेप अडकवा आणि लाटायला घ्या," काकू म्हणाल्या. "अर्धं बोट सोडून."

तिरकी शिवण दिसली की उसवणारे मास्तर. त्यांनी टेप अडकवली आणि खिळा तस्साच राहू दिला.