पानावरचा थेंब

क्षीरानंद महाराजांना स्तनपान सप्ताहाच्या त्या कार्यक्रमातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. व्यासपीठावरची मधली खुर्ची, एक शाल आणि एक फोटो. शालींचा त्यांच्याकडे ढीग होता आणि खुर्च्या तर अख्ख्या रिसॉर्टच्या होत्या. हवा होता तो फोटो. 'स्तनपान सल्लागार संघटना, रायगड शाखा' असा फलक वर, खाली डॉक्टरीणबाईंची रांग आणि मधोमध महाराज. तो एकदा मठाच्या भिंतीवर लागला की कर्जत-खालापुरात पुढची दहा वर्षं त्यांना शंका विचारायची कोणाची छाती झाली नसती.

संघटनेच्या पदरातही काही पडणार होतंच. मंडप महाराजांचा, जेवण महाराजांचं आणि मुख्य म्हणजे गर्दी महाराजांची. आदल्या वर्षीच्या स्तनपान सप्ताहात खालापूरच्या कार्यक्रमाला श्रोत्यांपेक्षा हार जास्त आले होते. उरलेले हार शेवटी गणपतीला घातले.

महाराजांचा मठ कळंबच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या रिसॉर्टात. 'वेलकम ड्रिंक' लिहिलेल्या टेबलावर आता चपला ठेवत, आणि पोहण्याच्या कोरड्या टाकीत मोटारसायकली लावत. गुरुवारी सकाळपासून जेवणाच्या हॉलात बाळंतिणींची रांग लागायची. प्रत्येकीच्या मांडीवर बाळ, शेजारी सासू. पोरांच्या रडण्याने छताचा पत्रा दणाणायचा, आणि त्या रडण्यावरच सगळा धंदा उभा होता.

पोशीरची सोनुबाई आपल्या सुनेला, हर्षलाला, घेऊन आली ती अशाच एका गुरुवारी. हर्षलाची पहिलीच खेप. मुलगी दोन आठवड्यांची, गुबगुबीत नव्हती पण तरतरीत होती. रात्री रडायची. त्या वयात दुसरं काही काम नसतं, पण सोनुबाईने निदान केलं होतं की सुनेचं दूध बांधलं गेलंय.

महाराज फार बोलायचे. "दुधात दोन लहरी असतात," ते डोळे मिटून म्हणायचे, "एक सेंट्रल, एक युनिव्हर्सल. नजर लागली की सेंट्रल बंद पडते." मागून कोणीतरी हळूच म्हणे, हार्बर लाइन राहिली. पण हसण्याची हिंमत कोणात नव्हती, कारण लगेच चमत्कार व्हायचा.

बाळंतिणीने पडद्याआड जाऊन दुधाचा थेंब चमच्यात आणायचा. महाराजांचा शिष्य नागू ताटातलं एक विड्याचं पान पुढे करी. थेंब पानावर, पान वाटीत. वाटीत पिवळं तीर्थ. महाराज पान घोळवत आणि पाहता पाहता तीर्थ लालभडक होई.

हर्षलाच्या वेळी लाल पाणी पाहून सोनुबाईच्या हातातली पिशवीच गळाली. महाराजांनी सांगितलं की दूध पेटलं आहे, हे पोरीच्या पोटात गेलं तर पोर हाती लागायची नाही. तीन गुरुवार अंगावर पाजायचं नाही. तोवर ही दुग्धभस्माची पुडी, कोमट पाण्यातून. तिसऱ्या गुरुवारी पाणी पिवळं राहिलं की दोष गेला समजायचं.

त्या रात्री पोरगी भस्म पिऊन गाढ झोपली. सोनुबाईने सगळ्या आळीला सांगितलं.

झोपली नाही ती हर्षला. दुसऱ्या दिवशी मोरीत पाणी सोडून, त्या आवाजात तिने कर्जतला संजनाला फोन लावला. संजना स्तनपान सल्लागार. हर्षला बाळंत झाली त्या दवाखान्यात आयांना बाळ अंगाला कसं लावायचं ते शिकवायची.

"ताई, माझं दूध लाल झालं."

"अंगातून आलं तेव्हा कसं होतं?"

"पांढरंच होतं."

"मग लाल कुठे झालं?"

"महाराजांच्या वाटीत."

"मग आजारी वाटी आहे," संजना म्हणाली. "तू बरी आहेस. मी येते."

पोशीरला संजना पोचली तेव्हा सोनुबाईने चहा केला, वर खरवसाची वडी ठेवली. त्याच पंधरवड्यात म्हैस व्यायली होती आणि चिकाचा खरवस आळीभर वाटून झाला होता. वडी खाता खाता संजनाने विचारलं, हर्षलाचं पहिलं पिवळं दूध बाळाला पाजलं का. सोनुबाई म्हणाली, छे, ते नासकं असतं, पिळून टाकायला लावलं.

"म्हशीचा चीक पिवळा, तो पौष्टिक," संजना म्हणाली, "आणि सुनेचा तेवढा नासका? काकू, रेडकाला पहिल्या दिवशी चीक पाजला की नाही?"

"पाजावाच लागतोय. नायतर रेडकू जगतंय का?"

एवढं बोलून सोनुबाईने लगेच वडीची बशी पुढे सरकवली. संजनाने मग समजावलं की बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, आणि ओढायचं थांबलं की अंग समजतं, आता गरज नाही. तीन गुरुवारांत दूध कोणाच्या नजरेने नाही, न पाजल्याने आटेल. तिने पुडीतलं भस्म बोटाला लावून चाटलं. गोड लागलं. राख गोड नसते, हे तिने सोनुबाईच्या ध्यानात आणून दिलं. प्रसाद गोडच असतोय, असं उत्तर आलं.

"तुजं शिक्षण मी नाय म्हनत नाय," सोनुबाई शेवटी म्हणाली. "पन तू एकटी सांगतेस. तिकडं अर्धा तालुका बसलेला असतोय. तुज्यामागं कोन हाय गं?"

संजनाने पर्स उचलली. निघताना हर्षला दारापर्यंत आली. तिच्या पदरावर दुधाचा ओला डाग होता आणि पोरगी आत वाटी-चमच्याने भस्म पीत होती. "अजून येतंय, ताई," ती एवढंच म्हणाली. संजनाने तिला निदान हाताने दूध काढत राहायला सांगितलं, पुडीतलं थोडं भस्म कागदात बांधून पर्समध्ये टाकलं आणि गाडीला किक मारली.

तसं तिच्यामागे कोणीतरी होतं. संघटना होती. दोन महिन्यांपूर्वी संजनाने सभासद होण्याचा अर्ज दिला, तेव्हा तिची कल्पना होती की मोठमोठी व्याख्यानं ऐकायला मिळतील. पहिल्या सभेला ती उशिरा पोचली, बसायला खुर्ची नव्हती म्हणून आतून एक उचलून आणली आणि हिला कामाची हौस दिसते, असं म्हणून सगळ्यांनी तिला सहसचिव केलं. तेव्हापासून तिने एक फलक रंगवून घेतला होता आणि ग्रुपवर रोज सकाळी फुलं पाठवू नका अशी विनंती केली होती. फुलं अजून येत होती.

दुसऱ्या संध्याकाळी सभेत विषय निघाला तो प्रमुख पाहुण्यांचा. खजिनदारबाईंनी मोठ्या आनंदाने क्षीरानंद महाराजांचा प्रस्ताव वाचला. मंडप, जेवण, दोनशे बायका. एक सदस्या म्हणाली, श्रद्धा असली तर काय बिघडलं, बायका तरी येतील. अध्यक्षबाई पासष्टीच्या, करारी, पण त्यांनाही मागच्या वर्षीचे हार आठवत होते.

संजना उठली. संघटनेचा पहिला नियम काय, तिने विचारलं. बेबीफूडवाल्यांकडून पाण्याचा पेलासुद्धा घ्यायचा नाही, अध्यक्षबाई म्हणाल्या, पण महाराज कुठे डबे विकतात?

संजनाने पुडी टेबलावर सोडली. "चाखून बघा."

डबेवाल्यांचे प्रतिनिधी नमुने घेऊन प्रत्येकीच्या दवाखान्यात येऊन गेले होते आणि प्रत्येकीने त्यांना घालवून दिलं होतं. चव ओळखीची होती. ज्या पुडीने आयांचं दूध आटतं, तिच्याच मालकाला आपण शाल घालणार होतो, हे सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं.

अध्यक्षबाईंचं मत पडलं की मुकाट्याने नकार कळवावा. संजना म्हणाली, तसं केलं तर उद्या तो सांगेल, डॉक्टर घाबरले. येऊ द्या त्याला. जागा आणि जेवण आपलं. आणि त्याला कळवा की भाषण नको, सगळ्यांसमोर प्रयोगच करून दाखवा.

खजिनदारबाईंनी सुस्कारा सोडला आणि संघटनेच्या खर्चातल्या जेवणाची मिसळ झाली.

महाराज खूश होऊन आले. खालापूरचा हॉल भरला होता, कारण मठातली अर्धी रांग त्यांच्यामागे आली होती. सोनुबाई दुसऱ्या ओळीत, शेजारी हर्षला. दोन गुरुवार उलटले होते. हर्षला हाताने काढत होती, तरी आता चमचाभरच येत होतं. आज काही घडलं नाही तर तिसरा गुरुवार येणार होता आणि मग दोष जाणार होता, दुधासकट.

लहरींचं निरूपण झालं. नागूने ताट मांडलं. तेवढ्यात संजनाने माईक हातात घेऊन विनंती केली की बाळंतिणीच्या आधी नुसत्या पाण्याचा थेंब टाकून पाहू. पाण्याला आई नसते, महाराज म्हणाले. पण अध्यक्षबाई एव्हाना उठल्या होत्या. त्यांनी पेल्यात बोट बुडवलं, नागूच्या ताटातल्या पानावर थेंब सोडला आणि पान स्वतःच वाटीत घातलं.

तीर्थ लाल झालं.

"माझंही दूध पेटलेलं दिसतंय," अध्यक्षबाई गंभीरपणे म्हणाल्या. "नातू कॉलेजात जातो."

पहिलं हसू मागच्या ओळीतून आलं. महाराजांनी घाईने सांगितलं की दोष हवेतही असतो. मग संजनाने स्टँडसमोरच्या टपरीवरून आणलेली पानं पिशवीतून काढली. हर्षला पडद्याआड जाऊन चमच्यात दूध घेऊन आली. टपरीच्या पानावर थेंब, पान तीर्थाच्या नव्या वाटीत. तीर्थ पिवळंच राहिलं.

महाराज म्हणाले, मंचाच्या पुण्याईने दोष गेला.

"बरं झालं," संजना म्हणाली. "आता त्याच चमच्यातला थेंब तुमच्या पानावर टाकू."

लाल.

संजनाने बायकांना विचारलं, "लग्नाच्या हळदीत माखलेले कपडे साबणात टाकले की पाणी कसं होतं?"

"लाल," सगळ्या एकदम म्हणाल्या. या मुलखात हळदी म्हणजे मुख्य लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम. तिथल्या प्रत्येकीने ते पाणी मोरीत ओतलेलं होतं.

"कशामुळे होतं? नजरेमुळे?"

तेव्हा सोनुबाई उठली. पायऱ्या चढून तिने नागूच्या ताटातलं पान घेतलं, उलटं केलं, मागून नख ओढलं आणि नख जिभेला लावलं. तिचं तोंड आक्रसलं.

"चुना हाय," ती म्हणाली. मग नागूकडे वळून, "काय रं, विडे लावून ठेवतोस व्हय आमच्या सुनांसाठी?"

वाटीतलं तीर्थ म्हणजे हळदीचं पाणी. पानाच्या पाठीला ओल्या चुन्याचं बोट. हळदीला चुना लागला, साबण लागला, सोडा लागला की ती लाल होते. त्यात दुधाचा थेंब असो की नळाचा. तिसऱ्या गुरुवारी नागू चुना लावायचा विसरायचा आणि दोष जायचा. भस्म म्हणजे दुकानातली दुधाची पावडर, डब्यातून पुडीत आलेली. पोट भरलं की पोर झोपणारच. आणि खरी करामत ही की आई पाजायची थांबली की दूध खरोखरच आटायचं. महाराज जे नाही ते आधी सांगत, मग पुडीने ते खरं करत, आणि बाई पुढचं वर्षभर विकतच्या पुडीला बांधलेली.

संजनाने हे सगळं माईकवर सांगितलं तेव्हा व्यासपीठावर तिच्यामागे संघटनेच्या सगळ्या बायका उभ्या होत्या. सोनुबाईने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं उभंच होतं, बोलायची गरज नव्हती. महाराजांना एकदम दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली, पण दारात सासवा होत्या. संघटनेने तक्रार दिली आणि पोलिसांनी रिसॉर्टाला कुलूप घातलं.

हे सगळं इथे लिहिलं ते महाराजांना हसण्यासाठी नाही. हळद लाल होते हे त्या हॉलातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. मोरीतलं ते ज्ञान मठाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवलं गेलं, एवढीच चूक झाली. कोणी काही दाखवलं तर भक्तिभावाने बघायला हरकत नाही, पण आपल्या घरच्या पानावर, आपल्या नळाच्या पाण्यावर तेच करून बघा. तिथे झालं नाही तर चमत्कार ताटात असतो.

आता कोणी काय भरलं ते. महाराजांनी जामीन भरला. संघटनेने मिसळ भरली, आणि सहसचिवाला पुढच्या महिन्यात सचिव केलं. सोनुबाईने आळीत मान खाली घालून एकेका दारी जाऊन सांगितलं की मी चुकले. मग स्वतःच्या घरी उंबऱ्यात बसून भेटायला येणाऱ्यांना परत पाठवत राहिली, कारण हर्षला आत दर दोन तासांनी पोरीला अंगावर घेत होती. पोरगी आधी तोंड फिरवायची, रडायची, हर्षलाही रडायची. पावडर हळूहळू कमी केली आणि महिन्याने थांबली. हर्षलाचा हिशेब मिटला.

बाकीच्यांचा सगळा मिटला नाही. संघटनेच्या बायका मठातल्या रांगेतल्या बाळंतिणींच्या घरी घरी गेल्या. काहींचं दूध परत आलं. काहींना फार उशीर झाला होता. विहिरीच्या न उकळलेल्या पाण्यात पुडी कालवून प्यायलेली तीन पोरं जुलाबाने दवाखान्यात पडली होती, त्यातलं एक सर्वांत लहान, हाताला सुईसाठी शीर सापडत नव्हती म्हणून डोक्यात सलाईन लावलेलं. वाचलं ते. पण क्षीरानंद महाराजांच्या लाल पाण्याची किंमत कोणी भरली हे विचारलंत, तर ती त्या पोराने भरली.